उघडी राहिलेली तोटी

वाघ टाकीत बसला तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर होतो आणि माझी तोटी उघडी होती.

टाकी आमच्या भट्टीची, रोशा गवताचं सुवासिक तेल काढायची. गवताची वाफ टाकीतल्या थंड पाण्यातून नळीने जाते आणि शेजारच्या भांड्यात तेल-पाणी एकत्र उतरतं. तेल वर तरंगतं. खालची तोटी सोडून पाणी जाऊ द्यायचं, आणि काचेतली पिवळी रेघ तळाशी आली की झटकन बंद करायची. काम एवढंच, पण तिथून हलायचं नाही. मी तोटी सोडली आणि वनखात्याचा पवन गार्ड ओरडला, "पळा! वाघ!" मग कोण थांबतं?

महाराज आले. आधी मागचे पाय, मग बूड, असे सावकाश पाण्यात उतरले आणि काठावर हनुवटी टेकून डोळे मिटले. आश्विनातलं ऊन त्यालाही लागत असेल. माझ्या सासूबाईंनी हात जोडले. मला मात्र त्याचा संताप आला.

"गार्डभाऊ, फटाके तरी फोडा!"

"नाई जमत, बाई. बिथरला तं गावात घुसंल. मूलच्या हापिसातून आमची गाडी येऊन राह्यली."

"तवरी तेल राह्यते का?"

त्याने पुन्हा फोन कानाला लावला. बिचारा दुसरं काय करणार?

भट्टी तेलाच्या कंपनीने आमच्या बायकांच्या गटाला चालवून बघण्यापुरती दिली होती. उद्या त्यांची माणसं तेल न्यायला येणार. तेल दिलं तर भट्टी इथे, नाहीतर सावली तालुक्यातल्या दुसऱ्या गावाला. वाघामुळे जंगल बंद झालेलं, कापलेलं सगळं गवत याच खेपेत शिजवलेलं. भट्टी राहिली असती तर यंदा तेलंगणात मिरची तोडायला जावं लागलं नसतं. गेल्या वर्षी माझ्या लेकीची, दिव्याची, शाळा तिकडेच बुडाली. रात्री हातांची आग व्हायची म्हणून ती पाण्याच्या गुंडीत हात घालून बसायची. दुसरीतली पोर!

गच्चीवरून तोटीची धार दिसत होती. पांढुरकी, म्हणजे नुसत्या पाण्याची, होती तोवर मी जीव धरून होते. मग वास आला. भट्टीचा वास रोजचाच, पण हा दाट होता, गुलाबासारखा.

"काय मस्त वास सुटला!" मागून कोणीतरी म्हणालं. हातात मोबाईल, वाघाचा व्हिडिओ चाललेला. मला त्याला गच्चीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

माझा नवरा चैतू जिन्याकडे निघाला. सासूबाईंनी त्याचा सदरा धरला आणि माझ्यावर ओरडल्या, "तेलासाठी माह्या पोराले मारतं का वं?"

मी त्याला जा म्हटलं नव्हतं. पण नको जाऊ, असंही तोंडातून निघालं नव्हतं. तो थांबला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

धार बारीक झाली. थेंब थेंब राहिली. मग तेही संपलं.

गाडी आली तेव्हा वाघ आपणहून उठला, अंग झटकलं आणि नाल्यापलीकडे निघून गेला. लोक म्हणाले, कोणाला काही झालं नाही, हेच मोठं. खरंच आहे. भांड्यापाशी ओली माती होती, तिच्यात मी हात घातला. तेल मातीतून परत काढता येत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं?

दिव्या माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. रडली नाही, काही नाही.

"आई, मिरचीले कधी निघाचं?"

"धान निघाले का मंग निघू," मी म्हटलं.