नटवी आणि रडूबाई

दोन प्रोग्रॅमपैकी कोणता घ्यायचा, हा वाद संपला तेव्हा दादाच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. बोअर तरीही उघडली गेली.

दादा खोदकामाचा प्रमुख. त्याचा धाकटा भाऊ त्याच साइटवर गणितं करायचा. जमिनीच्या पोटात तापलेला खडक, त्याच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी. बोअर उघडल्यावर ते पाणी किती जोरानं आणि किती गरम वर येईल, हे आधी कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे धाकट्याचं काम. त्यासाठी दोन प्रोग्रॅम आजमावायला आणले होते. एक झटपट चालायचा आणि खडकाची लाल-पिवळी चित्रं काढायचा. दुसरा रखडायचा, मध्येच थांबायचा आणि नुसते आकडे ओकायचा. दादानं पहिल्याचं नाव ठेवलं नटवी, दुसऱ्याचं रडूबाई. साइटवर तीच नावं रुळली.

धाकट्यानं दोघींची परीक्षा घेतली ती टेकडीपलीकडच्या जुन्या बोअरवर. तिच्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ होत्या, एवढंच कारण. दोघींची उत्तरं तंतोतंत जुळली. फरक नाही, असं धाकट्यानंच कळवलं.

"मग झालं तर," दादा म्हणाला. "रडणारी कशाला पोसायची?"

नटवी ठरली. नव्या बोअरमधून गरम पाणी येईल, नुसतं पाणी, असं तिनं सांगितलं. पाइप आणि तो जखडून ठेवणारे लोखंडी पट्टे त्या हिशेबानं बसवले गेले.

बोअर उघडायच्या दिवशी सकाळी धाकटा केबिनमध्ये आला. रडूबाईला त्यानं सहज म्हणून नव्या बोअरवर लावून ठेवलं होतं. ती थांबलेली होती. त्यानं पुन्हा चालवली, पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी त्याच जागी: बोअरच्या अगदी लगत, व्हॉल्व्ह उघडल्यानंतर थोड्याच वेळानं. तो आकडे वाचत गेला. व्हॉल्व्ह उघडला की खडकातला दाब उतरत होता, आणि छिद्रांतल्या पाण्याची तिथल्या तिथं वाफ होत होती. रडूबाई त्या वाफेशी झगडून थांबत होती. नटवीला वाफ ठाऊकच नव्हती. जुनी बोअर कोमट होती, तिच्यात पाणी कधी उकळलंच नाही. जिथं दोघींत फरक पडला असता, तिथलं त्यानं विचारलंच नव्हतं.

दादा केबिनमध्ये हेल्मेट घ्यायला आला तेव्हा धाकट्यानं दार अडवलं.

"आज उघडू नकोस. वाफ येणार आहे. पट्टे टिकणार नाहीत."

"कोण म्हणतं?"

"रडूबाई."

"ती तर बंद पडलीय."

"बंद पडलीय, हेच तिचं उत्तर आहे, दादा. व्हॉल्व्हच्या चाकावर तू उभा राहणार आहेस."

"बाहेर उद्घाटनाला पाहुणे येऊन बसलेत. तूच म्हणालास ना, फरक नाही म्हणून? आता ऐन वेळी शेपूट घालतोस?"

"मी चुकलो."

"मग चुकून मोकळा हो. बाजूला सर."

धाकटा सरला नाही. दादानं त्याची कॉलर धरली आणि त्याला टेबलावर आपटलं. मॉनिटर खाली पडून फुटला. धाकट्याचा ओठ फाटला, दातांवर रक्त आलं. त्यानं दादाच्या कमरेला मिठी घातली. दादानं कोपरानं त्याच्या पाठीत दोन घाव घातले. लहानपणापासून भांडणं अशीच मिटायची. धाकटा जमिनीवर बसला आणि दादा हेल्मेट घालून निघून गेला.

चाकावर दादाचा हात पडला तेव्हा धाकटा प्लॅटफॉर्मवर पोचला होता. त्याच्या हातात मोठा पाना होता. चाकाच्या दांडीवर दादाची बोटं होती, त्यांच्यावर त्यानं पाना हाणला.

हाड मोडल्याचा आवाज खाली उभ्या असलेल्यांनीही ऐकला. दादानं बुटाची लाथ धाकट्याच्या पोटात मारली. मग माणसं धावली. सर्वांत पुढे भाऊजी होते, दोघांच्या बहिणीचे, ताईचे यजमान, प्लॅटफॉर्मचे फोरमन. त्यांनी धाकट्याला खाली ओढलं, हात पिरगाळला, पाठीवर गुडघा रोवला.

"साल्या," ते धापा टाकत म्हणाले, "आणि ही शिवी नाही, नातंच आहे. वेड लागलं काय तुला?"

"भाऊजी, उघडू देऊ नका. मारा मला, पण उघडू देऊ नका."

पाहुणे उठून उभे राहिले होते. दादा मोडलेला हात काखेत दाबून खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"जावईबापू," तो म्हणाला, "तुम्ही फिरवा."

भाऊजींनी धाकट्याला दोघा कामगारांच्या ताब्यात दिलं आणि ते वर गेले. चाक फिरलं. पाइपातून पाणी आलं, गढूळ, मग स्वच्छ. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा धाकट्याकडे वळला.

"बघ. पाणी."

तेवढ्यात आवाज बदलला. पाण्याची खळखळ थांबली, पाइप खोकल्यासारखा हादरला आणि शिट्टी सुरू झाली. पहिला पट्टा तुटून केबिनच्या पत्र्यात घुसला. पाइप उसळला, प्लॅटफॉर्मचा कठडा त्यानं कापून टाकला आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून भाऊजींची किंकाळी आली. धाकट्याला धरलेले दोघे पळाले. दादा उलट्या दिशेनं धावला. डाव्या हातानं भाऊजींच्या कमरेचा पट्टा पकडून त्यानं त्यांना फरफटत बाहेर काढलं. भाऊजींच्या चेहऱ्याची कातडी त्यांच्याच हातमोज्याला चिकटून आली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताईनं दोघांचं ऐकून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, डोळ्यांचं सांगता येत नाही.

"दोन्ही प्रोग्रॅम तपासले होते ना रे?" तिनं धाकट्याला विचारलं.

"तपासले होते. चुकीच्या बोअरवर."

तिनं त्याच्या फाटक्या ओठावर थप्पड मारली. दुसरी मारायला हात उचलला तेव्हा दादानं तो डाव्या हातानं धरला.

"त्यानं अडवलं होतं, बाई. मी ऐकलं नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "त्यानं तुझा हात मोडला म्हणून तू इथं उभा आहेस. आणि तुझा हात मोडला म्हणून ते आत आहेत." तिनं हात सोडवून घेतला आणि ती आत गेली. दोघांना तिनं बोलावलं नाही.

दोघं बाकावर बसले.

"ती रडूबाई," दादा म्हणाला, "अजून तिथंच थांबलीय?"

"तिथंच."

दादा उठला. त्यानं प्लास्टरमधला हात भिंतीवर आपटला. धाकट्यानं त्याला मागून मिठी घातली, तरी त्यानं पुन्हा आपटला आणि प्लास्टर मनगटापाशी दुभंगेपर्यंत आपटत राहिला.