होडीत जागा दोघांचीच

होडी बघायला आम्ही तिघं निघालो होतो, आणि होडीत जागा दोघांचीच असते. गाडी बेबी चालवत होती. शेजारी तिचा दादा, म्हणजे माझा नवरा. मी मागे, लाइफ जॅकेटं, दोऱ्या आणि थर्मास यांच्या गर्दीत. मलाही सामानाबरोबरच भरलं होतं म्हणा ना.

बेबी माझी नणंद. चाळिशी उलटली, उंची भावाच्या कानाला लागते, तरी घरात ती बेबीच. आम्ही दोघी गेली काही वर्षं शर्यतीच्या कॅटामरानवर एकत्र आहोत. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होडकी आडव्या नळ्यांनी जोडलेली, मधे ताणलेली जाळी, वर डोलकाठी आणि शीड. दोन होड्यांवर पाय ठेवू नये म्हणतात; आमचा खेळच तो. बेबी सुकाणूवर असते आणि मी, वाऱ्याने होडी कलंडू नये म्हणून, डोलकाठीच्या तारेला लटकून बाहेर, पाण्यावर. नणंद-भावजय एका जाळीवर बसतात आणि एकमेकींना ढकलून देत नाहीत, याचं क्लबात सगळ्यांना नवल वाटतं. आजवर क्लबाची जुनी होडी वापरली. आता स्वतःची घ्यायचं ठरलं, आणि नेमका त्याच सुमारास माझा नवरा जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आला.

या होड्या माणसांच्या वजनावर बेतून घेतात. हलक्या जोडीला छोटी, भारी जोडीला मोठी. उलटं केलं तर हलकी जोडी मोठीवरून वाऱ्याबरोबर पालथी होते आणि भारी जोडीखाली छोटी पाण्यात रुतून चालते. आम्ही दोघी छोटीच्या. नवरा जहाजावर खाऊनपिऊन चांगला भरलाय. तो कुणाबरोबरही बसला तरी मोठीच लागणार. म्हणून बेबी फोनवर विकणाऱ्याला "मोठीसुद्धा दाखवा" म्हणाली तेव्हा मी समजायचं ते समजले. हे बहीणभाऊ लहानपणी एकाच होडीत शिकलेले. दादा परत आला, वहिनीचं काम संपलं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं, आणि मी मागच्या सीटवर मूग गिळून बसले होते.

मला ती जागा हवी होती. घर, ऑफिस, सासूबाईंची औषधं, हे सगळं माझ्याकडे आपोआप आलं. ती एक तार मात्र मी स्वतःहून धरली होती.

होड्या विकणारे दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. घरामागे पत्र्याची शेड, शेडपुढे पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, बाजूला लाकडी धक्का. आत दोन्ही होड्या ताडपत्री काढून ठेवल्या होत्या.

"छोटीवर मी आणि बायको बसायचो," डॉक्टर म्हणाले. "मी फार ओरडतो म्हणून तिने सोडलं. मोठीवर मी आणि मुलगा. तो परदेशी गेला. तुमचं दोघांचं मिळून वजन किती?"

बेबीने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"ते ठरायचंय," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका परक्या माणसाला हे आधी कळावं, आणि मला शेडमधे उभ्याउभ्या. मी छोटीपाशी जाऊन बसले आणि तिची तपासणी सुरू केली. डोलकाठी उभी राहते तिच्या पुढचा भाग होडकं म्हातारं झालं की आधी मऊ पडतो. तिथे अंगठे रोवून दाबलं. टणक होतं. डॉक्टर माझ्यामागून दात बघायच्या आरशाच्या दांडीने टकटक करत आले. कुठे पोकळ वाजलं नाही. एका ठिकाणी जुनं भरलेलं होतं.

"हे मीच भरलंय," ते म्हणाले. "दातापेक्षा बरं टिकलं."

मग मोठीची पाळी. तिला गळती आहे का बघायचं तर मागच्या टोकाचं बूच काढतात. आत साठलेलं पाणी सोडायचं ते भोक. त्याला तोंड लावून आत हवा फुंकायची आणि दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. फुगा आला तर चीर आहे. हे आम्ही दोघी नेहमी करतो. मी उजव्या होडक्याचं बूच काढून खिशात टाकलं आणि फुंकू लागले. बेबी स्पंज फिरवत होती. तेवढा वेळ सगळं पहिल्यासारखं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बुचाबद्दल आमचे नियम आहेत. ज्याने काढलं त्यानेच लावायचं. शिवाय होडी ढकलण्याआधी बेबी विचारते, "बूच?" मी दोन्ही भोकं बोटाने चाचपते आणि सांगते, "दोन्ही." एकदा बूच न लावताच शर्यतीला गेलो होतो, तेव्हापासूनचं हे. त्या दिवशी मधेच लक्षात येऊन मी डोक्याला हात लावला होता. पुढे तीच आमची खूण झाली. वाऱ्यात ओरडून ऐकू येत नाही. डोक्याला हात, म्हणजे बूच राहिलं.

फुगा आला नाही. मी तोंड पुसत उठले, तर बेबी म्हणाली, "आधी दादाला घेऊन एक फेरी मारते. बघू कसं जमतंय."

"जा की," मी म्हणाले. "मी कुठे जातेय? मी आहेच इथे."

मी पाठ फिरवून छोटीपाशी गेले आणि तिच्या दोऱ्या बघितल्यासारखं केलं. मागे ट्रॉलीची चाकं उतारावरून खडखडत गेली. नवरा काहीतरी बोलला, बेबी हसली. मग शीड ताठ झाल्याचा तो आवाज आला. नंतर डॉक्टर रिकामी ट्रॉली ओढत परत आले. वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत होता आणि होडी सुसाट निघाली होती. माझ्या डोळ्यांत कचरा गेला होता, असं म्हणू या. रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला बूच लागलं.

मी ते बाहेर काढलं.

"डॉक्टर, उजव्या होडक्याचं बूच इथे आहे."

त्यांनी बुचाकडे बघितलं, मग पाण्याकडे. एक होडकं पाण्याने भरलं की कॅटामरान त्या बाजूला लवंडते आणि मग ती दोघांना काही सरळ करता येत नाही. पाणी गार होतं आणि वारा त्यांना किनाऱ्यापासून दूर नेत होता.

"मोटरबोट नाही माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "छोटीचं शीड चढवतो. पण वेळ लागेल."

मी धक्क्यावरून टोकापर्यंत पळाले. होडी डावीकडे चालली होती. नवरा किनाऱ्याच्या बाजूच्या तारेला लटकलेला, बेबी त्याच्याजवळ, दोघांची पाठ माझ्याकडे. उजवं होडकं पलीकडे, वाऱ्याने पाण्यात दबलेलं. म्हणजे भोक पाण्याखाली. मी घसा फोडून ओरडले. कुणी वळलं नाही.

बेबीला होडीची नस न् नस कळते. जड लागतेय हे तिला कळलंच असणार, पण तो भार ती दादाच्या नावावर लिहीत असणार, हेही मला कळलं. मी तारेवर असते तर तिने कधीच ओळखलं असतं. मग दुसरा विचार आला. उद्या काही झालं तर सगळे हेच म्हणतील की, हिने मुद्दाम केलं. नणंदेवरचा राग काढला. आणि राग तर होताच मला. पोटभर होता.

बेबीने वळायला घेतलं. होडी किनाऱ्याकडे तोंड करून मधेच अडकली. शीड फडफडत राहिलं, मागचा उजवा कोपरा पाण्याखाली गेला, आणि पहिल्यांदाच बेबीचं तोंड माझ्या बाजूला झालं. मी डावा हात डोक्याला लावला आणि उजवा सरळ बाहेर काढला, उजव्या होडक्यासाठी. तशीच उभी राहिले. बघ, बेबी. एकदा बघ.

तिने बघितलं. लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तिने स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि पुढच्या क्षणी होडीचं तोंड ओढून फिरवलं. आता उजवं होडकं वारा येत होता त्या बाजूला आलं. ते हवेत उचललं तरच पाणी भोकातून बाहेर पडणार होतं. पण नवरा सवयीने तार धरून त्याच बाजूला बाहेर गेला, आणि त्याच्या भाराने होडकं खालीच राहिलं. बेबी हातवारे करत होती. तो ऐकत नव्हता. मोठा भाऊ तो, ऐकेल कशाला?

"आत ये," मी इथून म्हणत होते. "अरे, आत ये ना."

शेवटी तिने त्याच्या पट्ट्याला धरून त्याला आत खेचलं आणि जाळीवर पलीकडे लोळवलं. उजवं होडकं हळूहळू उठलं. पाण्यापासून सुटलं. मागच्या भोकातून पाण्याची जाड धार पडताना मला धक्क्यावरून दिसली. ती बारीक होईपर्यंत बेबीने होडी तशीच एका होडक्यावर तोलून किनाऱ्याकडे आणली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच फळ्यांवर बसले.

उतारावर नवरा आधी उतरला. ओठ निळे पडले होते.

"बूच तुझ्या खिशात कसं?" तो म्हणाला. "तुला ठाऊक होतं आम्ही निघालोय."

"दादा, गप," बेबी म्हणाली. "विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?" मी म्हणाले. आवाज चढला होता माझा, चढू दिला.

ती होडीची दोरी हातात गुंडाळत राहिली. "ओठांवर आलं होतं, वहिनी. पण तू नव्हतीस. म्हटलं, सवय मोडायचीच आहे, तर आजच मोडू या."

"मग मोडलीस ना. घे मोठी आणि बस दादाबरोबर."

"मी?" बेबी थांबली. "मोठी तुमच्या दोघांसाठी आहे. इतकी वर्षं तो जहाजावर, तू घरात. आता आलाय तर तू त्याच्याबरोबर बसायचं की माझ्याबरोबर? मी आपणहून बाजूला होत होते. आज त्याला नेलं ते तुला नीट सांभाळेल की नाही बघायला."

आठवडाभर मी जिच्यावर दात खात होते, ती आपली जागा मला द्यायला निघाली होती.

"मला विचारायचंस," मी म्हणाले.

"तू तरी कुठे बोललीस? मला वाटलं, तुलाही तेच हवंय."

"मला तर कुणीच विचारलं नाही," नवरा शर्ट पिळत म्हणाला. "त्या तारेवर मला गरगरतं. जहाजाला कठडा असतो."

शेडमधून डॉक्टर छोटी ओढत घेऊन आले. तिचं शीड चढलेलं होतं. ते धापा टाकत होते, आणि सगळी माणसं किनाऱ्यावर आहेत हे बघून त्यांनी ट्रॉली सोडली.

"मग काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "दोघांचं मिळून किती?"

माझं वजन मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. ते मी तिथे चौघांत, किलोसकट, खरंखरं सांगितलं. नवऱ्याच्या भुवया वर गेल्या. बेबीने आपलं सांगितलं. डॉक्टरांनी मनात बेरीज केली आणि छोटीवर हात ठेवला.

हातातलं मोठीचं बूच मी नवऱ्याला दिलं. "हे तुझ्याकडे ठेव," मी म्हणाले. "आणि धक्क्यावर उभा राहा. आमच्याकडे बघत."

आम्ही छोटी पाण्यात घेतली. गुडघ्याएवढ्या पाण्यात बेबी थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"बूच?"

मी वाकले. डावं चाचपलं, उजवं चाचपलं, मग पुन्हा डावं. ती तेवढा वेळ होडी धरून उभी होती.

"दोन्ही," मी म्हणाले.