फळीतला ओलावा

सकाळी आधी दुधाची पिशवी आत यायची, मग आईचा चहा व्हायचा, मग दोघांचे डबे. गॅलरीत ऊन उतरलं की तो दोन स्टुलांवर जुनी चादर अंथरून सर्फिंगची फळी पालथी ठेवी. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्याच्या हातांना घाई माहीत नव्हती. खडकावर आपटून फळीचा काठ फुटला होता आणि भेगेतून समुद्राचं पाणी आतल्या फोममध्ये शिरलं होतं. बाहेर दुरुस्तीला देणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यानं भेगेभोवतीचं कवच कापलं, मीठ जावं म्हणून गोड्या पाण्यानं धुतलं आणि होड्या दुरुस्त करणाऱ्याकडून फायबरच्या कापडाचा तुकडा व तो चिकटवायला थोडी राळ आणून ठेवली. ओल्या फोमवर राळ चढवली तर फळी आतून खराब होते. त्यामुळे तो भेगेवर पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवून उन्हात ठेवी; ओल राहिली असेल तर प्लॅस्टिकवर आतून वाफ धरे.

"बाळंतिणीचीसुद्धा एवढी निगा कोणी राखत नाही," आई आतून म्हणाली.

"बाळंतीण निदान कुरकुरते तरी, आई," डबा बंद करत बायको म्हणाली आणि गॅलरीत डोकावली. "काय हो, वाळली?"

"वाफ दिसतेय अजून. बघ ना."

तिनं वाकून पाहिलं. वाफ होती, पण ती त्याच्या श्वासाची होती. फोम केव्हाच वाळला होता. आज प्लॅस्टिक चिकटवण्याआधी, काच पुसताना सोडतात तसा त्यानं त्यावर तोंडानं श्वास सोडला होता.

फळी दोघांची. बायकोला फळीवर उभं राहायला त्यानंच शिकवलं होतं. आता ती लाटेवर वळली की किनाऱ्यावरचे लोक थांबून पाहत, आणि तो पाण्याबाहेर आला की कुणीतरी ओळख करून देई, "हे ताईंचे मिस्टर." रविवारच्या स्पर्धेसाठी किनाऱ्यावरच्या सर्फिंग प्रशिक्षिकेनं तिचं नाव घेतलं होतं. "गुरूची विद्या गुरूलाच की हो," असं प्रशिक्षिका त्याला म्हणाली, तेव्हा तोही वरवर हसला होता.

दाराशी चपला घालता घालता बायको फोनवर हळू आवाजात बोलत होती. गॅलरीच्या खिडकीतून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"माझं नाव काढा, मॅडम. उसन्या फळीवर माझा तोल बसत नाही… नाही, घाई नकोच. हे ओली म्हणताहेत म्हणजे ओलीच असणार… आणि ह्यांना यातलं काही बोलू नका हं. नाहीतर माझ्यासाठी ओल्यावरच राळ चढवून बसतील."

दार ओढून ती कामाला गेली.

मग त्यानं दुकानात उशीर होईल म्हणून कळवलं. प्लॅस्टिक काढून टाकलं आणि फोम हातानं चाचपला. राळेत ती घट्ट करणारं औषध मोजून मिसळलं, कापड बसवलं आणि एका जुन्या कार्डाच्या कडेनं आतली हवा काठाकडे सारत नेली. एकही बुडबुडा राहू दिला नाही.

"दुकानाला सुट्टी का रे?" आईनं विचारलं.

"निघतोच आहे."

हात पुसून त्यानं प्रशिक्षिकेला फोन लावला.

"तिचं नाव राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "फळी शनिवारपर्यंत तयार होते."