आप्पासाहेबांच्या डोक्याचे मार्क

मी आता जे सांगणार आहे त्यावर पुण्यात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि पुण्याबाहेरच्यांनी ठेवला तर त्याला आम्ही किंमत देत नाही. तरी सांगतो. कारण वरच्या मजल्यावरची नीरजा काल विचारायला आली, "आजोबा, बी.एस्सी.ला अँथ्रोपॉलॉजी घेऊ का? बाबा म्हणतात, हे कसलं सायन्स."

म्हटलं, "बस. तुझ्या बाबांच्या आधी हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारला होता."

आमची सरोजिनी शेजारी मेथी निवडत होती. तिनं एक काडी जरा जोरात मोडली.

तर, साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. घरी सायन्सशिवाय दुसरं शिक्षण मान्य नव्हतं आणि गणिताला मी मान्य नव्हतो. कॉलेजात चौकशी केली तेव्हा कळलं, मानववंशशास्त्र घेतलं तरी डिग्री बी.एस्सी.चीच मिळते. घेतलं. आर्ट्सवाले म्हणायचे तुम्ही सायन्सचे, सायन्सवाले म्हणायचे तुम्ही आर्ट्सचे, आणि कँटीनवाला दोघांच्याही आधी आमच्याकडे चहाचे पैसे मागायचा. पहिल्या वर्षी हाडं, दुसऱ्या वर्षी रक्तगट आणि बोटांचे ठसे, तिसऱ्या वर्षी जिवंत माणूस. कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, लावून त्याच्या डोक्याची रुंदी घ्यायची, लांबीनं भागायची, शंभरानं गुणायचं. येईल तो इंडेक्स.

त्याच वर्षी मला सरोजिनीशी लग्न करायचं होतं. तिची हरकत नव्हती. हरकत होती तिच्या वडिलांची. आप्पासाहेबांचं कसब्यात तराजू आणि वजनांचं दुकान होतं. सरकारी शिक्का नसलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नसे, माणसावर तर नसेच.

"मुलगी सायन्स ग्रॅज्युएटलाच द्यायची आहे," ते म्हणाले. "माणसं मोजणाऱ्याला नाही. माणसं जनगणनेचा कारकूनही मोजतो."

मी ठरवलं, शास्त्र त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं. त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच कॅलिपर घेऊन बसलो. पहिलं गिऱ्हाईक हिंदुराव. शहरानं त्यांचं गाव गिळलं, जमिनीला भाव आला, तेव्हा हे समोर घर घेऊन राहायला आले होते आणि मंडईत कांदा-बटाट्याची आडत चालवत होते. डोकं असं गोल की टोपी कोणत्याही बाजूनं घातली तरी सरळच दिसे.

"किती निगालं?" हिंदुरावांनी विचारलं.

"शहाऐंशी."

"शंभरापैकी?"

आता शास्त्रीयदृष्ट्या याचं उत्तर लांबलचक आहे. मी थोडक्यात 'हो' म्हणालो. तिथं घात झाला.

"आन् शाळा चौथीपातुर झालीय," असं आळीभर सांगत त्यांनी संध्याकाळी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रांग लागली, ती कसबा गणपतीपासून मंडईपर्यंत. नीरजा, हसू नकोस. मंडईच्या टोकाला लोक रांगेत भाजी निवडून घ्यायचे, इकडे नंबर लागेपर्यंत घरून आलेली पोळी त्याच भाजीबरोबर खायचे. ज्यांचे ऐंशीच्या वर आले त्यांनी दारावरच्या पाटीत नावाखाली आकडा घातला. पंच्याहत्तरवाले फेरतपासणी मागू लागले. सलूनवाल्यानं कानाच्या बाजूला केस भरघोस ठेवून मागून साफ करणारा 'इंडेक्स कट' काढला. स्थळं सांगणारे गोत्राआधी इंडेक्स विचारायला लागले. एक मुलगा नोकरीत पक्का, घर स्वतःचं, पण बहात्तर. बिचाऱ्याला शेवटी नगरची मुलगी करावी लागली.

"खरंच?" नीरजानं विचारलं.

"शास्त्र आहे," मी म्हणालो.

एवढा गोंधळ दारात चालला असताना आप्पासाहेब गल्ल्यावरून हलले नव्हते. पण हिंदुराव रोज समोरून टोपी काढून नमस्कार करायचे, आणि ती परत घालायला जरा जास्तच वेळ घ्यायचे. शेवटी एका दुपारी आप्पासाहेब पायरीवर येऊन बसले.

"या यंत्राला सरकारी शिक्का आहे का?"

"नाही."

"मग उगाच. पण घ्या."

घेतलं. चौऱ्याहत्तर. पुन्हा घेतलं. चौऱ्याहत्तर.

जुन्या मॅट्रिकला संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात आलेला माणूस तो. त्यांनी कॅलिपर माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही शिकाऊ आहात. शिकाऊ माणसाचं माप मी धरत नाही. तुमचे वरचे परीक्षक केव्हा येतात?"

आमच्या प्रॅक्टिकलची रीत अशी, की ज्यानं त्यानं आपला माणूस आपण आणायचा. विद्यार्थ्यानं मोजायचं, आकडा लिहायचा, मग बाहेरगावचे परीक्षक तोच माणूस पुन्हा मोजणार. आप्पासाहेबांनी जाहीर केलं, "तुमचा माणूस म्हणून मी येतो. तिथं हिंदुरावाच्या वर गेलो तर मुलगी तुमची. नाहीतर तुमचं शास्त्र तुमच्यापाशी."

आता अडचण पाहा. खरा आकडा लिहिला तर सरोजिनी जाते. वाढवून लिहिला तर परीक्षक पकडणार, मी नापास होणार, आणि नापास माणसाला आप्पासाहेब सत्त्याऐंशीलाही मुलगी देणार नाहीत.

परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून आले. डोक्याला खोबरेल इतकं थापलं होतं की कॅलिपर दोनदा घसरून त्यांच्या कानात शिरला. आमचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या सुहासिनीबाई मला हळूच म्हणाल्या, "हे कोण आणलेत? नाव-गाव विचारलं, तर माझेच प्रश्न तपासून घेताहेत."

मी मोजलं. समोर कोरा कागद. दाराबाहेर सरोजिनी, वडिलांचा डबा घेऊन उभी.

"लिहा," आप्पासाहेब म्हणाले. "घाबरू नका. मी समोर आहे."

मी लिहिलं, चौऱ्याहत्तर.

परीक्षकांनी मोजलं. कागद पाहिला. "बरोबर आहे," म्हणाले.

आप्पासाहेबांनी शांतपणे विचारलं, "आमच्या समोरचे एक आडते आहेत, त्यांना शहाऐंशी. आणि मला बारा मार्क कमी?"

"मार्क?" परीक्षक म्हणाले. "अहो, हे मार्क नव्हेत. डोकं लांबट की रुंद, एवढंच यातून कळतं. नारळ लांबट निघाला म्हणून आपण त्याला नापास करतो का?"

एवढी वर्षं वजनं तोलणारा तो माणूस, पेठेतला शेवटचा शब्द ज्याचा, तो उठला. टोपी घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पाणावलेले होते, नीरजा, मी स्वतः पाहिले. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शरच्चंद्र, माझं चुकलं."

सरोजिनीनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"हे खोटं," ती म्हणाली. "मंडईपर्यंतची रांग ऐकून घेतली, तो इंडेक्स कट ऐकून घेतला. पण माझे बाबा जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हणाले नाहीत. त्या दिवशी ते म्हणाले, 'म्हणजे हा नंबर आहे, मार्क नव्हेत. कमी तितका वरचा, हे आता त्या हिंदुरावाला जाऊन सांगतो.' आणि त्या भरात दारातच मला तुमच्या गळ्यात घालून मोकळे झाले."