बुजलेल्या विहिरींचा प्रबंध

“हा उठतोय, की मी चहा पिऊन येऊ?”

मित्रांनो, हे माझ्याबद्दल चाललं आहे. मी एक जुना संगणक आहे, दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्रबंधांच्या खोलीत बसलेला. सुरू व्हायला मला वेळ लागतो, हे खोटं नाही.

नेहरू प्लेसच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. इथे आलो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. एक शब्द टाकायचा अवकाश, की देशभरच्या प्रबंधांची यादी समोर. कुणी डासांवर पाच वर्षं घालवलेली, कुणी जात्यावरच्या ओव्यांवर. इतकी माणसं एकेका गोष्टीपाशी इतकी वर्षं बसून राहिली, याचं मला अजून नवल वाटतं. “कमाल है यार,” म्हणत मुलं मला थोपटायची. मग ज्याच्या-त्याच्या पाठीवर लॅपटॉप आला आणि माझ्यावर धूळ बसली. स्कॅन केलेले जुने प्रबंध फक्त याच खोलीत उघडतात, म्हणून मी टिकलो.

कुरकुर करणारी ती मैत्रेयी. मुनिरक्यात खोली घेऊन राहते. पानिपतकडच्या जुन्या विहिरी हा तिचा विषय. त्यातल्या निम्म्या आता बुजल्या आहेत. त्यांची मापं आईच्या प्रबंधात आहेत, असं तिने आपल्या मार्गदर्शक सरांना सांगून टाकलं होतं. घरची प्रत मात्र सरकारी क्वार्टर बदलताना हरवलेली. सर म्हणाले, “सोमवारपर्यंत दाखव, नाहीतर विषय बदल.”

तीन दिवस तिने आईचं नाव टाकून पाहिलं, सुनंदा. काही नाही. मग विहिरी टाकून पाहिलं. चाळीस नोंदी आल्या, पण त्यांत सुनंदा कुठेच नाही. शुक्रवारी ती आईबाबांनाच घेऊन आली.

“आई, खरं सांग. लिहिला होतास ना?”

सुनंदाताई नवऱ्याकडे पाहत राहिल्या आणि शांतारामराव पंख्याकडे.

“सिस्टिम जुनी आहे,” ते म्हणाले. “चलो, कँटीनमध्ये बसू.”

ढकललं माझ्यावर. मला सवय आहे.

ताई हलल्या नाहीत. त्यांनी यादीतल्या सातव्या नोंदीवर बोट ठेवलं. “ही उघड.”

“ही कुणी कुमारी प्रभा आहे गं. आडनावसुद्धा नाही. तीनदा पाहून सोडली मी.”

“उघड, बाळा.”

मी सगळा जीव एकवटून ती उघडली. हाताने काढलेल्या विहिरी, पानामागून पान. मोजलेल्या पायऱ्या, उन्हाळ्यातलं पाणी, पावसानंतरचं पाणी, काठावर दोर घासून पडलेल्या खाचासुद्धा. आज तिथे घरं उभी आहेत, आणि इथे पाणी होतं. इतकी वर्षं हे माझ्या हाकेच्या अंतरावर होतं आणि कुणी हाक मारली नव्हती. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनं यंत्र असो की जुना कागद, मोडीत काढण्याआधी एकदा उघडून बघा. निदान बसा त्याच्यापाशी थोडा वेळ.

मैत्रेयीने पडद्यावरच्या हाताने लिहिलेल्या मापांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “अक्षर तर तुझं आहे. पण मग प्रभा कोण?”

शांतारामरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

“तुझी आई,” ते म्हणाले. “लग्नात तांदळात अंगठीने सुनंदा लिहिलं, ते मी. तिला विचारलं नव्हतं.”