नाकावरचे पाच ठिपके

हौसेरावांच्या विमानाने त्यांच्या मुलाची, ज्योतिबाची, पार झोप उडवली होती. विमान कसलं, हाताच्या पंजावर मावेल एवढं प्लास्टिकचं खेळणं! पण हे सानपाड्याच्या त्या घरात बोलायची सोय नव्हती. ‘मॉडेल’ म्हणायचं, ‘नॅट’ म्हणायचं, खेळणं म्हणायचं नाही. त्याची बायको सुनयना एकदा चुकून म्हणाली, तर साहेब जेवले नाहीत.

ज्योतिबा तुर्भ्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर पाइपांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन गॅलरीतल्या टेबलाला चिकटायचं. पंख जोडून झाले होते, रंग झाला होता, चाकंही बसली होती. अडलं होतं ते नाकावरच्या पाच ठिपक्यांपाशी.

हौसेराव हवाई दलात नॅट या छोट्या लढाऊ विमानांचे फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबातल्या तळावर बॉम्ब पडले, त्यात ते गेले. ज्योतिबा त्यानंतर जन्मला. वडिलांचा विषय निघाला की त्याची आई, राहीबाई, पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जाई. म्हणून त्यानेही तो विषय काढणं सोडलं होतं. मग वडिलांचे जुने दोस्त दिनानाथकाका साताऱ्याला भेटले आणि त्यांनी एक काळापांढरा फोटो दिला. विमानाला टेकून हौसेराव हसतायत, आणि विमानाच्या नाकावर पाच ठिपके. तो हौसेरावांनी त्यांना पोस्टाने पाठवलेला; काकांची त्या तळावरून आधीच बदली झालेली, त्यामुळे फोटो कधीचा आणि ठिपके कसले, हे त्यांना सांगता येईना.

ज्योतिबाने मात्र लगेच ओळखलं. लढाईत शत्रूचं विमान पाडलं की नाकावर एक खूण रंगवतात, हे त्याने एका परदेशी मासिकात वाचलं होतं. पाच ठिपके म्हणजे पाच विमानं! बाप बॉम्बखाली सापडून गेला, एवढंच ऐकत वाढलेल्या माणसाला याहून मोठं घबाड कुठलं? त्या दिवशी तो घरभर नाचायचाच बाकी होता. आईला मात्र त्याने फोटो दाखवला नाही, उगाच तिला त्रास नको म्हणून.

पण खुणांचा रंग कोणता? आकार कसा? त्याने निवृत्त अधिकाऱ्यांना पत्रं धाडली, वाचनालयं पालथी घातली. उत्तरं यायची ती एकाच चालीची: ‘पाच विमानं पाडलेलं नॅट आमच्या ऐकिवात नाही.’ यांना काही माहीत नाही, असं म्हणून तो पुढच्याला लिहायचा. एकदा ठिपके काळे रंगवले, खरवडले. पांढरे केले, तेही खरवडले. नाकावरचा खालचा रंग उडाला, तो पुन्हा मारला. जेवताना बोट ताटाच्या कडेवर ठिपके काढत राहायचं.

त्यातच त्याने सोसायटीच्या चेअरमनला, रावसाहेबांना, सगळं सांगून ठेवलेलं. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, हॉलमध्ये प्रदर्शन. रावसाहेबांनी हौसेने पाटी रंगवून घेतली: ‘शत्रूची पाच विमाने पाडणारे नॅट’.

“ज्योतिबा, उद्या झेंडावंदन,” चौदा ऑगस्टच्या दुपारी ते दारातूनच ओरडले. “टेन्शन देऊ नको यार. आज संध्याकाळी विमान पाहिजे म्हणजे पाहिजे.”

ते गेले आणि ज्योतिबाने पुन्हा ब्लेड उचललं. ते पाहून सुनयनाचा मात्र तोल सुटला.

“अहो, सगळ्या हिंदुस्थानाला विचारून झालं. घरात एक माणूस आहे, त्यांना विचारलंत का कधी?”

“आईला काय कळतंय विमानातलं?”

सुनयनाने टेबलावरचा फोटो उचलला, आत गेली आणि तांदूळ निवडत बसलेल्या राहीबाईंच्या हातात ठेवला. ज्योतिबा मागोमाग धावला, पण उशीर झाला होता. आता आई पदर खोचून उठणार, असं त्याला वाटलं. राहीबाई उठल्या नाहीत. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला.

“दसऱ्याचा हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. “लढाईच्या आदूगरचा.”

“आई, हे ठिपके...”

“कुंकू हाय त्ये. शस्त्रांची पूजा व्हती. आमा बायकांनाबी बोलावल्यालं, आरती घिऊन. मी फोटूवाल्याच्या शेजारीच उभी व्हते.”

ज्योतिबा हातातलं ब्लेड ठेवून खाली बसला. कुंकू! पत्रं, मासिकं, पाटी, सगळ्यावर पाणी पडलं. त्याला आईचाच राग आला, आणि राग आला म्हणून लाजही वाटली.

“म्हणजे एकही विमान पाडलं नव्हतं?”

“मला काय ठावं? त्ये चाकं बघायचे. चाक नीट तर मानूस जिता परत येतो, म्हनायचे.” राहीबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. “चार बोटं माजी. मग त्येच म्हनाले, पोराचंबी एक लाव. तू पोटात व्हतास. मला लाज वाटली समद्यांत, तर त्येंनी माजा हात धरून लावलं.”

सुनयनाने तोंड फिरवलं. ज्या ठिपक्यांचा पत्ता ज्योतिबा देशभर विचारत होता, त्यातला एक त्याचाच निघाला.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलाय लागले की रडू येतंय. तुज्याम्होरं रडायचं न्हाई, असं ठरवल्यालं.” राहीबाईंनी डोळे पुसले. “लावा म्हनावं तुमच्या रावसायबांना काय पाटी लावायची ती.”

खाली हॉलमध्ये माइक तपासत होते. रावसाहेब कुणावर तरी ओरडत होते. ज्योतिबा जागचा हलला नाही. विमानाच्या टायरपासून शेपटापर्यंत सगळं त्याने लोकांना विचारलं होतं. विमानाला टेकलेल्या माणसाबद्दल एका अक्षराने नाही. तो आईजवळ सरकला.

“आई, यात ते कशाला हसतायत?”

राहीबाईंनी सुपातले तांदूळ बाजूला केले.

“फोटूवाल्याची विजार फाटल्याली,” त्या म्हणाल्या, आणि सांगता सांगता स्वतःच हसू लागल्या.