हरकतीचं कारण

हातमोजा ओढून काढताना इनेझला तो दिसला – उजव्या तर्जनीच्या नखाखाली रुतलेला निळ्या रंगाचा टवका, तिळाएवढाही नाही, पण असा उठून दिसणारा की सकाळी आंघोळ करताना, चहा गाळताना तो आपल्या लक्षात कसा आला नाही याचंच तिला नवल वाटलं. काल चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून परतताना ती स्टेडियममध्ये डोकावली होती, पायऱ्या रंगवल्यात असं ऐकून, आणि नेहमीच्या पायरीवर – खालून सहावी, मधल्या खांबाच्या डावीकडे – बसल्या बसल्या तिने नखाने तो रंग खरवडला होता. कशासाठी? खाली काय आहे ते बघायला. खाली सिमेंट होतं. दुसरं काय असणार... पण खरवडल्याशिवाय राहवलं नव्हतं, हे मात्र खरं.

तिने सुईच्या टोकाने टवका काढला, काचेच्या पट्टीवर ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. बोळिंजच्या या लॅबमध्ये तिची सत्तावीस वर्षं रक्त बघण्यात गेली होती, आणि अजूनही भिंगाखाली नवीन काही आलं की ती क्षणभर श्वास रोखत असे. निळा टवका निळा नव्हताच. खालून उजेड सोडल्यावर तो काळा दिसत होता, फक्त कडेला, जिथे थर विरळ झाला होता तिथे, जांभळट. म्हणजे जवळून बघितलं तर हा रंग पायऱ्या रंगवणाऱ्यांचाही नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

"मॅडम, मलेरिया आहे?" पलीकडच्या टेबलावरून रीमाने विचारलं.

"नाही गं. बोळिंज ब्लूज आहे."

रीमा खळखळून हसली. इनेझ मॅडमचं फुटबॉलचं वेड लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बावन्न वर्षांची बाई, नवरा नंदाखालला केळीच्या वाडीत रमलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि ही दर शनिवारी लॅब बंद झाली की पर्समध्ये हिरवा रुमाल घालून स्टेडियमवर. नंदाखाल स्पोर्टिंगचा रंग हिरवा. बोळिंज ब्लूजचा निळा. स्टेडियम कुणाचं नव्हतं – किंवा सगळ्यांचं होतं. सरकारी निधीतून नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं, उघड्या सिमेंटच्या पायऱ्यांचं, फाटक कधी न लागणारं. आता ते तीस वर्षांसाठी ब्लूजच्या ताब्यात द्यायचं घाटत होतं. तशी जाहीर सूचना लागली होती. कुणाची हरकत असेल तर ती प्रभाग कार्यालयात लेखी द्यायची होती, आज संध्याकाळी पाचपर्यंत. हरकतींची मुदत संपायच्या आत पायऱ्या निळ्या करून टाकायची घाई मात्र ब्लूजने केली होती.

फोन वाजला. पास्कल. नंदाखाल स्पोर्टिंगचा सेक्रेटरी, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसणारा.

"इनेझ, तुझाच फॉर्म राहिलाय," तो घरच्या बोलीत घाईघाईने म्हणाला. "एकशे चाळीस जमलेत. हरकतीचं कारण मी टाइप करून घेतलंय, तू फक्त सही कर."

"काय कारण टाइप केलंयस?"

"तेच. जनतेचा पैसा, स्थानिक संघांवर अन्याय, खेळाडूंचं नुकसान."

"मी कोरा नेलाय ना, मीच लिहिते."

"अगं, निबंध स्पर्धा आहे का ती?" तो वैतागला. "लिही काय लिहायचं ते, पण पाचच्या आत दे म्हणजे झालं."

कोरा फॉर्म पर्समध्ये चार घड्या होऊन पडला होता. नाव, पत्ता, आणि खाली तीन ओळींची चौकट – 'हरकतीचे कारण (थोडक्यात)'. गेले आठ दिवस ती त्या चौकटीपाशी अडून बसली होती. पास्कलचं कारण खोटं नव्हतं. पण ते तिचं नव्हतं. राग आला होता, तो नक्की. सूचना वाचली त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. पण कशाचा राग, असं स्वतःला विचारलं की आतून काही उत्तर यायचं नाही, नुसती कळ यायची, जसं पेशंट म्हणतात – इथे दुखतंय बघा, नाही, इथे नाही, जरा खाली... आणि बोट फिरत राहतं. माझं बोट कुठे थांबेल? तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

दुपारी डबा न उघडताच ती रिक्षा करून स्टेडियमवर गेली. ब्लूजने पायऱ्यांखाली एक खोली घेऊन ऑफिस थाटलं होतं. टेबलामागे एक तरतरीत मुलगी बसली होती, गळ्यातल्या कार्डावर टिफनी असं नाव. इनेझने सरळ सांगून टाकलं, मी नंदाखालची, हरकत द्यायला निघालेय, पण त्याआधी मला नव्या स्टेडियमचा नकाशा बघायचाय. मुलगी क्षणभर गोंधळली, मग उठून तिने टेबलावर मोठा कागद पसरला.

"बघा ना आंटी, बघण्यासाठीच आहे. ह्या सगळ्या सीट्स होणार, नंबरवाल्या. इथे छप्पर. आणि हे बघा – लेडीज टॉयलेट. दोन."

टॉयलेट! नऊ वर्षं इनेझ मॅचच्या दिवशी सकाळपासून पाणी जपून पीत आली होती. पास्कलच्या टाइप केलेल्या कारणात टॉयलेटचं नाव नव्हतं. कसं असेल, एकशे चाळीसपैकी एकशे तीस पुरुष. तिने नकाशावर बोट ठेवलं आणि तिला वाटलं, चांगलंच आहे की हे. खरंच चांगलं आहे. मग माझी हरकत कुठे गेली? ती नकाशात आपली पायरी शोधू लागली – सहावी, खांबाच्या डावीकडे – तिथे 'सदस्य' असं छापलेलं होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात जाळीने वेढलेला एक लहान चौकोन होता. 'पाहुण्यांचा विभाग.'

"हे आम्ही?"

"हो आंटी. तुमच्यासाठी वेगळं गेट, मागच्या रस्त्यावरून. वेगळं कँटीनपण."

"आणि हा मधला पट्टा? ह्याच्यात कोण बसणार?"

"कोणीच नाही. तो रिकामा ठेवायचा. म्हणजे दोन्ही साइडचे लोक मिक्स नको व्हायला. सेफ्टीसाठी."

इनेझ त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत राहिली. दुखरी जागा शोधत फिरणारं बोट इथेच थांबलं की काय... मिक्स. नऊ वर्षं आपण मिक्स होतो, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. कारण आपण कुठे बसतो हे तिने कधी ठरवलं नव्हतं, पायरीच्या उजव्या अंगाला नेहमी जयरामभाऊ असायचे, निळी टोपी घातलेले, कागदाच्या पुडीत उकडलेल्या शेंगा घेऊन. खाडीकडच्या एका गावचे, मिठागरावर मुकादम होते म्हणे एकेकाळी, आता मुलाबरोबर बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये. एवढंच ठाऊक. आडनाव ठाऊक नाही. बायको आहे की नाही, ठाऊक नाही. नऊ वर्षं ती त्यांच्यावर ओरडत होती – "भाऊ, ऑफसाइड होता तो, डोळे तपासून घ्या!" – आणि ते शेंगांची पुडी तिच्यापुढे धरून म्हणायचे, "खावा बाय, घसा सुकंल." आणि ती सेमीफायनल... हिरव्यांच्या जोनाथनची पेनल्टी निळ्यांच्या गोलकीपरने अडवली, निळे सगळे उठून नाचायला लागले, आणि इनेझने हिरव्या रुमालात तोंड खुपसलं तेव्हा शेजारून आवाज आला होता, रेफरीच्या दिशेने, कर्कश – "ओ सायेब! आमचा गोली आधी हालला! परत मारायला द्या!" स्वतःच्या टीमविरुद्ध. त्यांच्याच बाजूच्या पोरांनी त्यांना खाली ओढून बसवलं होतं. का केलं असेल त्यांनी तसं? तीन वर्षं ती या प्रश्नाभोवती घिरट्या घालत होती आणि एकदाही तिने तो विचारला नव्हता, जणू विचारलं असतं तर... तर काय झालं असतं?

"आंटी, पाणी देऊ?" टिफनीने विचारलं.

"दे," इनेझ म्हणाली, आणि ग्लासभर प्यायली.

प्रभाग कार्यालय चालत दहा मिनिटांवर. तिने रिक्षा केली नाही. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, नव्या इमारतींच्या सावल्या आखूड, रस्त्याच्या कडेला कुणीतरी भाजीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकत होतं. चालता चालता तिला तो पहिला शनिवार आठवला, आणि तो इतका लख्ख आठवला की ती फुटपाथवर थांबलीच. तोवर तिने आयुष्यात मॅच बघितली नव्हती. रिक्षा स्टेडियमपाशी अडकली होती, आतून प्रचंड ओरडा आला, आणि काय चाललंय ते बघावं म्हणून – नुसतं बघावं म्हणून – ती उतरून आत शिरली होती. पायरीवर एक निळ्या टोपीचा माणूस होता. तिने विचारलं, हे हिरवे कोण? त्याने वर बघितलं.

"तुमी कुटल्या?"

"नंदाखालची."

"मग तुमचेच की ते. बसा हितं, आनि हिरव्यांच्या नावानं वरडा. मी निळ्यांच्या नावानं वरडतो. एकट्यानं काय मजा नाय."

...आणि ती बसली होती. ओरडली होती. संध्याकाळी घरी गेली तेव्हा घसा बसलेला, आणि नवऱ्याने, फेबियनने, विचारलं होतं, कुणाशी भांडून आलीस?

म्हणजे – ती फुटपाथवर उभी राहून शब्द जुळवत होती – म्हणजे माझी बाजू मला त्यांनी दिली. हिरवी. माझी. मी ती जन्मापासून घेऊन आले असं मी समजत होते, पास्कललाही तसंच सांगत होते, आमच्या गावची टीम, आमचं रक्त. आणि ती तर एका निळ्या टोपीवाल्याने, शेजार हवा म्हणून, माझ्या हातात ठेवलेली. तिला राग यायला हवा होता, किंवा रडू. आलं ते भलतंच – भिंगाखाली पट्टी सरकवून फोकस फिरवताना धुक्यातून अचानक एखादी पेशी कडांसकट उभी राहावी तसं काहीतरी. ती चक्क रस्त्यात हसली. एक बाई वळून बघून गेली.

प्रभाग कार्यालयातल्या बाकावर बसून तिने पर्समधून फॉर्म काढला, मांडीवर सरळ केला आणि न थांबता लिहिलं – 'माझ्या शेजारी कोण बसणार हे मला आधीपासून माहीत असू नये.' तीन ओळींच्या चौकटीत दीड ओळ. वाचून बघितलं. वेड्यासारखं वाटत होतं. खोडावंसं मात्र वाटलं नाही.

रांगेत तिच्यापुढे चार माणसं होती. दुसऱ्याच्या डोक्यावर निळी टोपी होती.

"भाऊ?"

जयरामभाऊ वळले. हातात फॉर्म होता, तसाच, तीन ओळींची चौकट. तिला बघून ते शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखे दचकले आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

"तुम्ही? तुमच्याच क्लबविरुद्ध?"

"इरुद्ध नाय बाय. हरकत." ते खाली बघत म्हणाले. "पोराला म्हाईत नाय मी आलो ते. तो सदस्य झालाय, माजं पन नाव घातलंय त्यानं. छपराखालची सीट, नंबरची."

"मग काय लिहिलंत?"

"तुमी काय लिवलं?"

"आधी तुम्ही सांगा."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि घडी आणखी बारीक केली. त्यांचा नंबर आला. कारकुनाने घडी उलगडली, वाचली, भुवया जराशा वर गेल्या, मग शिक्का मारून त्याने पोच दिली. इनेझने टाचा उंचावून बघायचा प्रयत्न केला. अक्षर मोठं होतं, पेन्सिलीने लिहिलेलं, पण तिच्या बाजूने उलटं. तिचा नंबर आला तेव्हा तिचा फॉर्म कारकुनाने दोनदा वाचला.

"मॅडम, असं कारण कुणी दिलं नाही अजून."

"चालत नाही का?"

"चालतं ना. चौकटीत बसलंय." त्याने शिक्का मारला. "सुनावणीला बोलावतील. तिथं तोंडी सांगावं लागेल बरं का."

तोंडी. सगळ्यांसमोर, पास्कलसमोर. टॉयलेटचं काय म्हणून कुणी विचारलं तर? तेही हवंय, असं सांगावं लागेल. दोन्ही हवंय. असं मागता येतं का, तिला ठाऊक नव्हतं, आणि आपण ते कसं मांडू याची तिला आत्तापासूनच उत्सुकता लागून राहिली.

बाहेर पायऱ्यांवर जयरामभाऊ थांबले होते. बहुधा तिच्यासाठी, तसं ते म्हणाले नाहीत. स्टेडियमबाहेर ते दोघे पहिल्यांदाच एकमेकांसमोर उभे होते, आणि मधे मैदान नसल्यामुळे कुठे बघायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, एक विचारायचं होतं... त्या सेमीफायनलला..."

"गोली हालला होता," ते पटकन म्हणाले. "हालला तर हालला म्हनायचं. त्यात काय."

एवढंच? तीन वर्षं पोसलेला प्रश्न असा सहज संपला, आणि गंमत म्हणजे संपल्यासारखा वाटेना. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती – उन्हाने काळवंडलेला, मिशीत पांढरा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात – आणि तिच्या लक्षात आलं की नऊ वर्षांत तिने हा चेहरा फक्त उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला होता.

"ह्या आइतवारी आमची मॅच हाय," ते निघता निघता म्हणाले. "पालघरच्या टीमशी. तुमचे हिरवे नायत त्यात. कदाचित पायरीवरची शेवटची. येता?"

ते टोपी सारखी करून गेले. नंदाखालची रिक्षा भरेपर्यंत ती मागच्या सीटवर बसून राहिली, लॅबला फोन करायचं विसरून. हिरवे नसलेली मॅच. अशी मॅच तिने कधी बघितली नव्हती. पर्समधला रुमाल काढायचा की नाही... आणि बॉल गोलपाशी आला, सगळे उठले, तीही उठली, घसा उघडला – तर? कुणाचं नाव? तिने मनातल्या मनात करून बघितलं. काही ऐकू आलं नाही. पुन्हा करून बघितलं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "निघू का?" तिने हात वर करून त्याला थांबवलं, मान किंचित कलती, आपल्याच आत कान देऊन.